कोकम घातलेलं आंबट गोझे घरी करताना या चुका टाळा

गोझे ही जर्मनीतली आंबट गव्हाची बिअर. गोस्लारची, पण नाव गाजवलं लाइपझिगने. तिच्यात मीठ आणि धणे पडतात, म्हणजे कोकमाशी तिचं जमायलाच हवं. परवान्याशिवाय घरी दारू करणं महाराष्ट्रात 1949च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे. म्हणून ठाण्यातल्या माझ्या स्वयंपाकघरात मी यीस्ट न घालता फक्त तिचा आंबटपणा उतरवते.

मोडाचे गहू ठेवलेलं पाणी गोड होत नसेल, तर गहू भाजला गेलाय. बाळाच्या सत्त्वासाठी मोडाचे गहू खमंग भाजायची आपली सवय इथे घात करते. स्टार्चची साखर करणारी एन्झाइम्स मोड येताना तयार होतात आणि भाजल्यावर मरतात. माझ्या पहिल्या दोन खेपांची अशीच खळ झाली! मोडाचे गहू पंख्याखाली कडक वाळवा, जाडसर भरडा आणि 65 ते 67 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवा. थर्मामीटर हवाच. मग बशीत चमचाभर पाणी घेऊन आयोडीनचा थेंब टाका. निळंकाळं झालं तर स्टार्च उरलाय, आणखी वेळ द्या. बशीतलं मात्र फेकून द्या.

गाळताना चोथा गच्च बसतो, कारण गव्हाला तूस चिकटून राहत नाही. धुतलेला भाताचा तूस मिसळा.

गाळलेलं पाणी उकळून 35 अंशांवर आणा. इथे आंबवण्यासाठी काही जण दह्याची निवळ घालतात. दह्यातले जिवाणू दुधाच्या साखरेला सरावलेले. गव्हातून उतरलेल्या साखरेवर, म्हणजे माल्टोजवर, ते रेंगाळतात. लॅक्टोबॅसिलस प्लांटारम हा आंबवणारा जिवाणू असलेली प्रोबायोटिक कॅप्सूल घ्या, पण वेष्टन वाचून. काहींत सॅकरोमायसिस बूलार्डी असते. ती यीस्टच, म्हणजे अल्कोहोल आलंच.

उलटीसारखा वास आला तर ते ब्युटिरिक आम्ल. मसाल्याने झाकू नका, सरळ ओतून द्या. पुढच्या वेळी विरजणाआधी लिंबू पिळून पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) 4.5पर्यंत आणा, स्टीलचं पातेलं काठोकाठ भरा आणि पृष्ठभागाला चिकटेल अशी क्लिंग फिल्म लावा. मे महिन्यात ओट्यावरच भागतं, जानेवारीत पातेलं गोधडीत गुंडाळा. एकदोन दिवसांत पीएच 3.4च्या आसपास आला की उकळून आंबणं थांबवा. शेवटच्या पाच मिनिटांत भरडलेले धणे घाला.

कोकम उकळल्यानंतरच. आधी घातलं तर त्याच्या आम्लाने जिवाणू मंदावतात. जांभळी नाक्याच्या बाजारात कोकम घेताना बिनमिठाचं आहे ना, विचारा. आगळात मीठ मुरलेलं असतं. त्यावर गोझेचं मीठ पडलं की घशाखाली उतरत नाही. आगळच वापरणार असाल तर मीठ घालूच नका. बिनमिठाचं कोकम असेल तर लिटरला एक ग्रॅमपासून चाखत वाढवा.

काचेच्या बाटलीत घट्ट बंद करून बाहेर ठेवू नका. प्लास्टिकची बाटली, फ्रिज आणि चार दिवसांत फस्त. बाटली दाबून पाहा: दगडासारखी कडक लागली तर आत यीस्ट शिरलंय, ती खेप पिऊ नका.