डोळ्याभोवतीच्या घामाच्या गाठी : या चुका टाळा

डोळ्याखाली मोहरीएवढे, पाणी भरल्यासारखे फोड दिसले की माणूस आधी मेडिकलवाल्याला विचारतो, मग पार्लरमध्ये जातो आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे सगळ्यात शेवटी येतो. हे बऱ्याचदा हिड्रोसिस्टोमा असतात, म्हणजे घामाच्या ग्रंथीत किंवा तिच्या नळीत पाणी साठून झालेल्या साध्या गाठी. कॅन्सर नाही, संसर्ग नाही, पिंपल तर नाहीच.

पोळीभाजी केंद्रात काम करणाऱ्या एक ताई आल्या होत्या. रोज सात-आठ तास तव्यापुढे. डोळ्यांखाली आणि गालांवर तीसेक फोड. वर्षभर पिंपलची मलमं लावून झाली, मग शेजारणीने सुचवलेलं स्टिरॉइडचं मलम. चेहरा लालेलाल, कातडी पातळ आणि फोड जिथल्या तिथे! मी विचारलं, "थंडीत कमी होतात का?" त्या म्हणाल्या, "दिवाळीनंतर दिसतच नाहीत. होळी झाली की परत." निम्मं निदान तिथेच झालं. त्वचारोगतज्ज्ञ रॉबिन्सन यांनी १८९३ मध्ये या गाठींचं वर्णन केलं, तेही उष्ण, वाफाळ जागी राबणाऱ्या बायकांना बघूनच. हा एक प्रश्न विचारायला अर्धं मिनिट लागतं, तरी तो कुणीच विचारलेला नव्हता याचा मला आजही राग येतो. डोळ्याजवळ स्टिरॉइड लावत राहिलं तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. त्यांची डोळ्यांची तपासणी मी आधी करून घेतली, फोडांकडे नंतर वळले.

घरी सुईने फोडू नका. पाणी निघतं, पण गाठीची भिंत आत तशीच राहते आणि ती पुन्हा भरते.

कडक, पांढरा दाणा असेल तर तो मिलिया. उन्हाळा-हिवाळ्यात फरक न पडणारे, टोचल्यावर न बसणारे दाणे असतील तर सिरिंगोमाचा, म्हणजे घामाच्या नळीच्या साध्या, भरीव गाठीचा विचार करा. दोन्ही पापण्यांच्या कडेला ओळीने गाठी असतील तर तोंड उघडायला सांगा आणि तळहात बघा. दात जन्मतःच कमी आणि तळहाताची कातडी जाड असेल, तर तो आनुवंशिक आजार असू शकतो.

आता नव्या डॉक्टरांसाठी. डोळ्याच्या कोपऱ्यात एकच निळसर, पारदर्शक गाठ दिसली की "ॲपोक्राइन आहे, काढून टाकू" म्हणून मोकळे होता. ती बहुधा तीच, म्हणजे ॲपोक्राइन नावाच्या दुसऱ्या प्रकारच्या घामग्रंथीची साधी गाठ असते आणि ऋतूप्रमाणे बदलतही नाही. पण बेसल सेल कार्सिनोमाचा, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरचा, एक पाण्याने भरलेला प्रकार हुबेहूब असाच दिसतो. एका निवृत्त शिक्षकांची गाठ दुसरीकडे दोनदा सुईने रिकामी केली होती, तुकडा तपासायला एकदाही पाठवला नव्हता. तिसऱ्यांदा भरल्यावर ते माझ्याकडे आले. मी पूर्ण काढली, पॅथॉलॉजीला पाठवली आणि रिपोर्ट कॅन्सरचा आला. सुदैवाने तो पसरला नव्हता, पण पापणीची दुरुस्ती करावी लागली. म्हणून ब्लेड हातात घेण्याआधी फॉर्मॅलिनची (तपासणीसाठी तुकडा टिकवणाऱ्या द्रवाची) बाटली नाव लिहून ट्रेमध्ये ठेवते. गाठ कितीही साधी दिसो, बाटली रिकामी परत जात नाही.

त्या ताईंचे मोठे फोड कॉटरीने, म्हणजे विजेच्या उष्णतेने जाळून काढले. मालकिणीला चिठ्ठी लिहून तव्यावर एक्झॉस्ट फॅन बसवायला लावला. पुढच्या मे महिन्यात त्या आल्या तेव्हा चारच फोड होते.