वाळत चाललेला कुंडीतला मोगरा पुन्हा कसा फुलवावा

दोन-तीन वर्षं कुंडी न बदललेला मोगरा लांबूनही ओळखू येतो. खाली नुसत्या काटक्या, टोकांना चार पिवळट पानं, माती कडक आणि कुंडीच्या भोकातून डोकावणारी मुळं. असं झाड दिसलं की लोक आधी खत घालतात. तेवढं करू नका. मुळांना जागा नसताना खतातले क्षार तिथेच साठतात आणि उरलीसुरली पानंही करपतात.

आधी झाड जिवंत आहे का ते पाहा. फांदी नखाने हलकेच खरवडा. सालीखाली ओलसर हिरवं दिसलं तर फांदी जिवंत. कोरडं तपकिरी दिसलं तर खाली सरकत या. बुंध्यापाशी हिरवं सापडलं तरी आशा आहे.

हे काम जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत करावं. मोगऱ्याला कळ्या नव्या फुटीवर येतात, त्यामुळे तेव्हा छाटलेलं झाड उन्हाळ्यात फुलतं. वेळ हुकली तर पावसाळ्याच्या सुरुवातीला करा. भर मे महिन्यात मुळांना हात लावू नका.

आदल्या दिवशी पाणी घाला. माती इतकी वाळली असेल की पाणी कडेने वाहून जातं, तर कुंडी पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा आणि बुडबुडे थांबले की काढा. दुसऱ्या दिवशी सिकेटर (छाटणीची कात्री) स्पिरिटने पुसून वाळक्या फांद्या मुळापासून काढा आणि बाकीच्या फूट-दीड फुटावर, पानांच्या जोडीच्या किंचित वर छाटा. हात आखडू नका. मोगऱ्याला कडक छाटणी मानवते.

मग कुंडी आडवी करून, कडेने थापटून झाड बाहेर काढा. गोल गोल फिरलेल्या मुळांचा बाजूचा आणि तळाचा इंचभर थर धारदार सुरीने तासा. काळी पडलेली, ओढली की जिची साल सुटून हातात येते, अशी मुळं कुजलेली असतात. ती सगळी काढा.

नवी कुंडी जुनीपेक्षा दोनच इंच मोठी हवी. फार मोठ्या कुंडीतली माती ओलीच राहते आणि मुळं पुन्हा कुजतात. दोन भाग लाल माती, एक भाग मुरलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू आणि मूठभर निंबोळी पेंड एकत्र करा. घरी काळी माती असेल तर वाळू दुप्पट घ्या. काठापासून इंचभर जागा सोडा, भरपूर पाणी द्या आणि आठ-दहा दिवस कुंडी सावलीत ठेवा. त्यानंतर मात्र रोज पाच-सहा तास ऊन हवंच.

पुढचं पाणी वरची इंचभर माती सुकल्यावरच. नवी फूट दोन-तीन इंच झाली की शेंडे खुडा आणि तेव्हाच मूठभर गांडूळखत द्या. चहाचा चोथा टाकायचाच तर धुऊन टाका. साखरेने मुंग्या येतात आणि मुंग्यांमागे पिठ्या ढेकूण, म्हणजे कापसासारखी पांढरी कीड.

पान पिवळं पण शिरा हिरव्या, असं दिसलं तर लोह कमी पडतंय. बोअरच्या जड पाण्यावर वाढलेल्या झाडांत हे फार दिसतं. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा आणि महिन्याने पुन्हा. झाड हिरवंगार आहे पण कळी नाही, तर ऊन कमी आहे किंवा नत्राचं खत जास्त झालंय. अशा वेळी युरिया बंद करून कुंडी उन्हात सरकवा. पुढच्या हंगामासाठी डिसेंबरपासून पाणी कमी करत न्या आणि छाटणीनंतर पुन्हा वाढवा.