पाळीपूर्वीच्या त्रासासाठी रोजच्या आहारात कॅल्शियम
पाळीच्या आधीच्या आठवड्यात होणारी चिडचिड आणि पोटफुगी कमी करण्यासाठी आहारातील कॅल्शियम वाढवणे हा त्यातल्या त्यात भरवशाचा उपाय आहे. मात्र फरक जाणवायला दोन-तीन पाळ्या जाव्या लागतात, म्हणून तो त्या आठवड्यापुरता न ठेवता रोजचाच करावा. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, त्यामुळे सकाळी नाचणीची भाकरी किंवा ताकातली आंबील, जेवणात वाटीभर दही आणि तिळाची चटणी एवढे पुष्कळ उपयोगी पडते. त्या दिवसांत पापड-लोणचे आणि संध्याकाळचा चहा (अवघड आहे, तरीही) कमी करावा. उदासीमुळे रोजची कामे अडत असतील, तर घरगुती उपायांवर विसंबून न राहता स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे.