जुन्या ठासणीच्या रायफलला २०९ प्रायमर बसवलाय? मग पावडरच्या या चुका टाळा

हे अमेरिकेत मझललोडर सीझनला, म्हणजे ठासणीच्या बंदुकीने शिकार करायच्या मोसमाला, जाणाऱ्यांसाठी लिहितोय. कोकणात पीक संरक्षणाच्या परवान्यावर ज्या ठासणीच्या बंदुका आहेत त्यांना यातलं काहीही लावायला जाऊ नका प्लीज.

नेहमीची केस अशी असते, कोणीतरी जुनी हॉकेन स्टाइलची साइडलॉक (बाजूला घोडा असलेली) रायफल घेतो, ११ नंबरची छोटी ठिणगीची कॅप जिच्यावर बसते ती नळकांडी, म्हणजे निप्पल, काढतो, तिथे २०९ प्रायमरचा (शॉटगनच्या काडतुसातला, जास्त जोराची आग देणारा) अडॅप्टर फिरवून बसवतो आणि मग दुकानातून ब्लॅकहॉर्न २०९ या पावडरचा डबा आणतो कारण नावातच २०९ आहे ना! आणि मग बार उडत नाही किंवा उशिरा उडतो. अहो प्रायमर बदलला, पण आगीचा रस्ता तोच राहिला. साइडलॉकमध्ये ठिणगी बाजूने शिरते आणि वळण घेऊन पावडरपर्यंत जाते. काळी दारू पटकन पेटते म्हणून तिला ते चालतं, पण ब्लॅकहॉर्नमध्ये नायट्रोसेल्युलोज आहे, तिला मागून सरळ येणारी जोरदार आग लागते आणि वर घट्ट बसणारी गोळी लागते. कापडात गुंडाळलेली गोल गोळी तिच्यावर ठासली तर ती नीट जळतही नाही. ती पावडर २०९ वाल्या इनलाइन रायफलसाठीच आहे, म्हणजे जिच्यात प्रायमर नळीच्या सरळ मागे असतो तिच्यासाठी. साइडलॉकला सुटी पायरोडेक्स किंवा ट्रिपल सेव्हन (काळ्या दारूऐवजी वापरायच्या पावडरी) वापरा, नाहीतर सरळ खरी काळी दारू. आणि चकमकीच्या रायफलला तर काळी दारूच, कारण पायरोडेक्सला पेटायला जास्त उष्णता लागते आणि चकमकीच्या ठिणगीवर तिचा भरवसा नाही.

बार नाही उडाला तर लगेच नळी खाली करून बघायला जाऊ नका!! तोंड सेफ दिशेला धरून निदान एक मिनिट थांबा, आतमध्ये धुमसत असेल तर तो तेव्हाच उडतो. पुष्कळदा कारण साधं असतं, नळीत किंवा त्या बारीक भोकात तेल राहिलेलं असतं, म्हणून सकाळी ठासायच्या आधी रिकाम्या नळीवर दोन कॅप उडवून घ्यायच्या.

अडॅप्टरचे आटे हा विषय लोक फारच हलक्यात घेतात. थॉम्पसन सेंटर आणि लायमन कंपन्यांच्या रायफलींना साधारण पाव इंची, इंचाला २८ आट्यांचं निप्पल असतं आणि ट्रॅडिशन्स, सीव्हीएच्या स्पॅनिश रायफलींना ६ मिलिमीटरचं. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, त्यामुळे ६ चा अडॅप्टर त्या भोकात आरामात जातो, थोडा अडकल्यासारखाही वाटतो, आणि बार उडाला की तोच मागे नेमबाजाच्या तोंडाकडे येऊ शकतो. गेज लावून मोजा, अंदाज नको.

आता मापाचं. पावडर ग्रेन या छोट्या एककात मोजतात, पण मझललोडरचं माप आकारमानाचं असतं, वजनाचं नाही. ब्लॅकहॉर्नची १०० ग्रेन आकारमानाची मात्रा वजनाला साधारण ७० ग्रेन भरते, म्हणजे कोणी इलेक्ट्रॉनिक काट्यावर १०० ग्रेन तोलून भरले तर आत आकारमानाने १४० च्या वर गेले, आणि तिची कमाल मर्यादा आकारमानाने १२० आहे. ट्रिपल सेव्हन काळ्या दारूपेक्षा जोरकस, म्हणून त्याच वेगासाठी सुमारे १५ टक्के कमी घ्यायची. जुन्या रायफलला अडॅप्टर लावला म्हणून तिचं पोलाद नवीन होत नाही, नळीवर काळी दारूच असं कोरलेलं असेल तर मात्रा मूळ मॅन्युअलमधलीच. काडतुसातली स्मोकलेस (बिनधुराची) पावडर तर अजिबात नाही, सॅव्हेज कंपनीची १०एमएल रायफल मुळातच स्मोकलेससाठी बनवली होती, तुमची कन्व्हर्ट केलेली रायफल ती नाही.

पेलेट्स, म्हणजे पावडरच्या तयार दाबलेल्या वड्याही साइडलॉकमध्ये त्रास देतात, कारण पायरोडेक्सच्या पेलेटचं पेट घेणारं टोक मागे हवं आणि साइडलॉकमध्ये आग बाजूने येते. कोलोरॅडोच्या मझललोडर सीझनमध्ये तर पेलेट चालतच नाहीत, तुमच्या राज्याचे नियम दरवर्षी बघा, कधीकधी २०९ प्रायमरवरही बंदी असते.

गोळी पावडरवर टेकलीच पाहिजे, मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते किंवा फाटते. ठासायच्या गजावर, गोळी पूर्ण खाली बसल्यावर तो जिथपर्यंत येतो तिथे, खूण करून ठेवा.

साफसफाईत सगळ्यात जास्त रायफली वाया जातात. पायरोडेक्सची राख पाणी ओढते आणि गंज आणते, म्हणून त्याच संध्याकाळी गरम पाणी, मग कोरडी चिंधी, मग तेल. ट्रिपल सेव्हनही पाण्याने निघते, पण गोळी बसते तिथे कडक कडं तयार होतं, ते प्रत्येक बारानंतर ओल्या चिंधीने काढलं नाही तर पुढची गोळी तिथेच अडकते. ब्लॅकहॉर्नला मात्र पाणी चालत नाही, तिला बंदुकीचं सॉल्व्हंट लागतं आणि ब्रीच प्लगच्या (नळीच्या मागच्या बुचाच्या) भोकातला कार्बन हाताने ड्रिल बिट फिरवून काढावा लागतो, नाहीतर चार बारांनंतर तीच तक्रार, पावडर पेटत नाही.