जादुई शस्त्रांचे नियम लावताना या चुका टाळा

जूनपासून चतुर्थीपर्यंत फोंड्यात पाऊस असा कोसळतो की संध्याकाळी बाहेर पडणं नको वाटतं. आमच्या ग्रुपचं डंजन्स अँड ड्रॅगन्स (टेबलाभोवती बसून, फासे टाकत पात्रं रंगवण्याचा खेळ) याच महिन्यांत सगळ्यात जोरात चालतं. वाद होतात ते बहुतेक जादुई शस्त्रांवरून. शस्त्र काय करतं हे सगळ्यांना पाठ असतं, पण ते नेमकं कधी करतं, हे कोणी नीट वाचलेलं नसतं. नुसतं हातात धरल्यावर? वार केल्यावर? वार लागल्यावर? की वीस बाजूंच्या फाशावर २० पडल्यावर? आधी हे शोधा, अर्धे वाद तिथेच मिटतात.

फ्लेम टंग ही ज्वाळांची जादुई तलवार घ्या. ही तलवार कायम पेटलेलीच असते, असं धरून खेळणारे खूप. प्रत्यक्षात बोनस अ‍ॅक्शन (टर्नला, म्हणजे आपल्या पाळीत, एकदाच मिळणारी जादा कृती) वापरून आज्ञाशब्द उच्चारावा लागतो. बार्बेरियन या योद्ध्याचा रेज, म्हणजे लढाईतला संताप, हासुद्धा बोनस अ‍ॅक्शनच खातो, म्हणून पहिल्याच टर्नला रेज आणि ज्वाळा दोन्ही मिळत नाहीत; एक निवडा. आज्ञाशब्द तोंडाने बोलायचा असल्यामुळे आवाज बंद करणाऱ्या सायलेन्स मंत्राच्या घेऱ्यात तलवार पेटत नाही. आणि एकदा पेटली की पुन्हा आज्ञा देईपर्यंत, हातातून सुटेपर्यंत किंवा म्यानात जाईपर्यंत पेटलेली राहते. “अरे, एवढा पाऊस पडतोय, विझणार नाही का रे ती?” हा प्रश्न आमच्याकडे दर मोसमात येतो. नियमात पावसाचं नाव नाही, म्हणून विझत नाही. डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) कथेसाठी विझवायची असेल तर खुशाल विझवावी, पण ते लढाई सुरू व्हायच्या आधी सांगावं.

सगळ्यात जास्त घोळ डॅमेज मोजताना होतो. पेटलेल्या फ्लेम टंगचे जादा २डी६ (सहा बाजूंचे दोन फासे) प्रत्येक लागलेल्या वाराला मिळतात. स्नीक अटॅक या चोरट्या वारासारखी टर्नला एकदाच ही अट इथे नाही, तेव्हा एक्स्ट्रा अटॅकचे दोन्ही वार लागले तर दोन्हींवर मिळतात. फाशावर २० पडून क्रिटिकल, म्हणजे क्रिट, झाला की डॅमेजचे सगळे फासे दुप्पट होतात, ज्वाळांचेसुद्धा. लाँगसोर्ड एका हातात आणि ताकदीचे +४ असतील तर साध्या वाराला १डी८+२डी६+४, आणि क्रिटला २डी८+४डी६+४. ते +४ दुप्पट होत नाहीत. आगीला रेझिस्टन्स असलेला राक्षस समोर असेल तर फक्त आगीचा भाग अर्धा करा आणि अपूर्णांक सोडून द्या: तलवारीचे ९ आणि आगीचे ७ आले, तर ९ अधिक ३, म्हणजे १२. पूर्ण १६ चे ८ करणं चूक आहे, आणि त्यात खेळाडूचं नुकसान होतं.

इथे जुने खेळाडू अडखळतात, कारण खेळाच्या ३.५ आवृत्तीत फ्लेमिंग शस्त्राचा जादा १डी६ क्रिटला वाढत नसे. तो नियम २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत आणू नका. आणखी एक अडचण २०२४ च्या नव्या पुस्तकांची. २०१४ च्या नियमांत कित्येक राक्षसांना जादू नसलेल्या शस्त्रांपासून संरक्षण असतं आणि न पेटलेली फ्लेम टंगही ते भेदते. नव्या संचातल्या २०२५ च्या मॉन्स्टर मॅन्युअल या राक्षसांच्या पुस्तकात ही तरतूदच काढून टाकली आहे. कोणती आवृत्ती चालू आहे, हे मोहीम सुरू करतानाच ठरवून टाका.

मुंडकं उडवणाऱ्या व्हॉर्पल सोर्डबद्दल एकच सांगतो. चॅम्पियन फायटरला १९ वरही क्रिट मिळतो, पण मुंडकं उडण्यासाठी फाशावर २० च पडावं लागतं. शिवाय पाच मुंडक्यांच्या हायड्राचं एक उडालं म्हणून ती मरत नाही.

अट्यूनमेंटमध्ये (जादुई वस्तूशी पात्राचं नातं जोडण्यात) मात्र घाई नडते. शस्त्राचे गुण ओळखायला एक शॉर्ट रेस्ट (खेळातली छोटी विश्रांती) लागते आणि अट्यून व्हायला दुसरी. एकाच रेस्टमध्ये दोन्ही उरकता येत नाहीत. एका पात्राला अट्यून केलेल्या जास्तीत जास्त तीन वस्तू. वस्तू २४ तास १०० फुटांपलीकडे राहिली तर नातं तुटतं, म्हणून जहाजावर तलवार विसरून बंदरावर मुक्काम करणाऱ्यांनी जपावं. वस्तूचे गुण ओळखणाऱ्या आयडेंटिफाय मंत्राने शाप बहुतेकदा कळत नाही, त्यामुळे “मी तपासलंय” म्हणणाऱ्या खेळाडूला डीएमने शापाबद्दल खात्री देऊ नये.

खेळ ऐन रंगात असताना मुद्दा अडला तर डीएमने जो निर्णय दिला तो त्या रात्रीपुरता पाळावा आणि वहीत टिपून ठेवावा. चहाच्या वेळी एसआरडी (खेळाच्या मूळ नियमांचा दस्तऐवज) उघडा. फ्लेम टंग आणि व्हॉर्पल दोन्ही त्यात आहेत. जानेवारी २०२३ पासून त्याची ५.१, म्हणजे २०१४ च्या नियमांची, प्रत क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोफत मिळते. निर्णय चुकला असेल तर पुढच्या सेशनपासून बदला. झालेली लढाई पुन्हा खेळू नका.