कॉम्प्युटर बसला? फॉरमॅट मारायच्या आधी हे करा

ठाण्यात पाचपाखाडीला मी घरीच डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, सोसायटीच्या नोटिसा. त्यामुळे बिल्डिंगमध्ये कुणाचाही कॉम्प्युटर बसला की आधी माझी बेल वाजते, आणि येणारा निम्मा निकाल लावूनच आलेला असतो: ‘फॉरमॅट मारावा लागेल ना?’ लागेलही. पण मशीन पुन्हा विकत मिळतं, नातवाच्या बारशाचे फोटो मिळत नाहीत. म्हणून आधी फायली बाहेर काढायच्या, मशीनचं नंतर बघू.

बटण दाबल्यावर ना दिवा, ना पंखा, असं असेल तर त्या सॉकेटला फोनचा चार्जर लावून बघा, मग पॉवर केबल बदलून बघा. तरीही ढिम्म असेल तर बहुतेक वेळा एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा डबा) गेलेला असतो. तो बदलता येतो, आणि डिस्कला सहसा काही झालेलं नसतं.

पंखा फिरतोय, पण स्क्रीन काळी आणि आतून बीप-बीप येतंय, ही आपल्याकडची खास पावसाळी तक्रार. दमट हवेत रॅमच्या सोनेरी पट्टीवर मळकट थर चढतो. प्लग काढा. प्लग काढल्यावरही पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलासुरला करंट निघून जातो. सीपीयूचं झाकण उघडून लोखंडी सांगाड्याला हात लावा, रॅमच्या कडेच्या खिट्ट्या बाहेर ढकला, रॅम सरळ वर येते. पट्टीला बोट न लावता पोरांच्या दप्तरातल्या साध्या पांढऱ्या खोडरबरने दोन्ही बाजू हलकेच घासा, चुरा झटका आणि खिट्टी ‘टक्’ वाजेपर्यंत परत दाबा. तळमजल्यावरच्या काकांचा ‘मदरबोर्ड गेलेला’ पीसी एवढ्यावर सुरू झाला. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा. खराब निघाली आणि जुन्या जातीची असली, तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा, लॅमिंग्टन रोडवर बहुधा मिळून जाते.

विंडोजचा लोगो येऊन अडकतोय किंवा निळी स्क्रीन येतेय? तिच्यावरच्या कोडचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मग लोगो दिसताच पॉवरचं बटण दहाएक सेकंद दाबून मशीन बंद करा. असं दोन-तीनदा केलं की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखवतं. त्यात ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज असं आत जाऊन रीस्टार्ट करा आणि ४ दाबा, सेफ मोड (विंडोजचं मोजक्या गोष्टींवर चालणारं रूप) उघडेल, तिथून फायली कॉपी करून घ्या. अपडेट झाल्यापासूनच रडगाणं सुरू झालं असेल, तर तिथेच अनइन्स्टॉल अपडेट्स आहे, ते आधी करून बघा. बिटलॉकरची (विंडोजने डिस्कला लावलेल्या कुलपाची) ४८ आकडी किल्ली मागितली तर घाबरू नका. विंडोज ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सुरू केलं होतं, त्यात मोबाइलवरून लॉगिन केलं की ती बहुधा तिथे असते. ती न मिळवता रीसेट मात्र करू नका.

सेफ मोडही उघडत नसेल तर शेजारच्या कॉम्प्युटरवर ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी थेट पेनड्राइव्हवरून चालणारी फुकट सिस्टिम) बूट होईल असं घ्या. आपलं मशीन सुरू करताना बूट मेनू उघडा (कंपनीप्रमाणे एफ १२, एफ ११, एफ ९ किंवा एस्केप) आणि पेनड्राइव्ह निवडा. डेस्कटॉपवर इन्स्टॉलचं चित्र दिसेल, त्याला हात लावायचा नाही. फक्त फायली उघडून बाहेरच्या डिस्कवर कॉपी करायच्या. हे जमणार नसेल तर डिस्क काढून यूएसबी केबलने दुसऱ्या मशीनला लावा. साडेतीन इंची डिस्कला वेगळा पॉवर अॅडॅप्टर लागतो, छोट्या डिस्कला नाही. ‘डिस्क फॉरमॅट करायची का?’ असं विचारलं गेलं तर कॅन्सल.

डिस्क टक्-टक् वाजत असेल तर वरचं सगळं सोडा आणि ताबडतोब बंद करा. चेकडिस्कही (विंडोजची डिस्क तपासणी) चालवू नका, मरणाऱ्या डिस्कला तो शेवटचा धक्का ठरू शकतो. अशा वेळी डेटा रिकव्हरीवाल्याकडेच जावं. महाग पडतं, म्हणून फायली तेवढ्या मोलाच्या आहेत का ते घरात आधी ठरवा.

दुरुस्तीवाला हमखास म्हणतो, ‘फक्त सी ड्राइव्ह मारतो, डीला हात लावत नाही.’ ऐकायला बरं वाटतं. पण तुमचा डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स हे सगळं मुळात सीमध्येच असतं. टॅलीचा डेटाही बऱ्याच घरांत तिथेच सापडतो. आणि माझ्यासारखं श्रीलिपीत (मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) काम करत असाल तर जुने मराठी फॉन्टही उचला, नाहीतर दहा वर्षांच्या पत्रिका उघडतील खऱ्या, पण ‘चि. सौ. कां.’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसेल. ब्राउझरमधले पासवर्ड सिंक केलेले नसतील तर तेही जातात.

फायली कॉपी झाल्या की त्यातल्या चार-पाच दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. नुसती नावं दिसली म्हणजे फाइल वाचली असं नाही. त्यानंतर खुशाल फॉरमॅट करा. विंडोज १० असेल तर त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा मशीनला झेपत असेल तर आता ११ च टाका.

नवीन बसवलेल्या मशीनला यूपीएस लावा. लाइट गेल्यावर तो नुसता ओरडून बंद पडत असेल तर त्याची बॅटरी संपलेली आहे, ती दोन-तीन वर्षांनी बदलावी लागतेच. आणि लेझर प्रिंटर त्या यूपीएसवर टाकू नका. गरम होताना तो इतका करंट ओढतो की यूपीएस ट्रिप होतो आणि कॉम्प्युटरही त्याच्याबरोबर बसतो. प्रिंटर थेट भिंतीच्या सॉकेटला लावा.