मागचे ब्रेक डिस्कचे करण्याआधी या चुका टाळा

नागपुरातील माझ्या गॅरेजमध्ये दर महिन्याला कोणीतरी छोटी गाडी घेऊन येतो आणि मागचे ड्रम ब्रेक (चाकासोबत फिरणाऱ्या डब्याला आतून शू घासून थांबवणारे) काढून डिस्क ब्रेक (फिरणाऱ्या चकतीला दोन्ही बाजूंनी पॅड दाबून थांबवणारे) बसवून मागतो. मी प्रत्येकाला आधी एकच विचारतो, ब्रेक ऑइल, म्हणजे पेडलचा दाब चाकांपर्यंत नेणारे द्रव, शेवटचे कधी बदलले होते? याचे उत्तर मला क्वचितच मिळते.

पहिली चूक म्हणजे गाडी नीट थांबत नाही याचा दोष थेट मागच्या ड्रमला देणे. ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढे झुकतो आणि मागची चाके हलकी होतात, त्यामुळे पुढे इंजिन असलेल्या छोट्या गाडीत थांबवण्याचे साधारण ७० टक्के किंवा त्याहून अधिक काम पुढचेच ब्रेक करतात. जोरात पेडल दाबल्यावर चाके लॉक होत असतील, म्हणजे फिरायची थांबून घसरत असतील, किंवा एबीएस (चाके लॉक होऊ न देणारी यंत्रणा) थरथरू लागत असेल, तर ब्रेकची ताकद पुरेशी आहे आणि कमी पडते आहे ती टायरची पकड. अशा वेळी मागे कितीही मोठी डिस्क लावली तरी गाडी लवकर थांबणार नाही, चांगले टायर लावले तर थांबेल.

दुसरी चूक मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते, ती म्हणजे बाहेरून मिळालेला सुटा किट बसवून घेणे. दोन वर्षांपूर्वी पहिल्या पावसानंतर एक मुलगा एबीएस नसलेली जुनी हॅचबॅक घेऊन आला आणि म्हणाला, "भाऊ, गाडी मागून सरकते." मागे कोणीतरी मोठ्या डिस्क बसवून दिल्या होत्या; मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणारा भाग) आणि मागचा दाब मर्यादित ठेवणारा व्हॉल्व्ह मात्र मूळचेच होते, म्हणजे ड्रमच्या हिशेबाने ठरवलेले. रविवारी हिंगणा एमआयडीसीतील रिकाम्या, ओल्या रस्त्यावर मी स्वतः ती गाडी ताशी चाळीसच्या वेगाने चालवली आणि ब्रेक दाबला. पुढच्या चाकांच्या आधी मागची चाके लॉक झाली आणि गाडीचा मागचा भाग डावीकडून वळून जवळजवळ आडवा आला. पुढची चाके घसरली तर गाडी निदान सरळ जाते, पण मागची आधी घसरली तर ती फिरते, आणि वर्धा रोडच्या रहदारीत हेच घडले असते तर काय झाले असते, हा विचार आजही माझा पिच्छा सोडत नाही. परत आल्यावर डिकी उघडली तेव्हा आत एक वीट दिसली. नव्या कॅलिपरला (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाला) हँडब्रेकची सोयच नव्हती, केबल तारेने वर बांधून ठेवली होती, आणि तो मुलगा चढावर गाडी लावताना चाकामागे वीट ठेवत असे. आम्ही ड्रम परत बसवले, नवे शू घातले, ब्रेकच्या नळ्यांतली एअर काढली आणि त्याची तक्रार संपली. घाईने काम उरकून देणाऱ्यांचा मला राग येतो, कारण धोका पत्करणारा ग्राहक असतो आणि त्याला तो दिसतही नसतो.

तिसरी चूक म्हणजे ब्रेक ऑइलकडे दुर्लक्ष करणे. ते हवेतील ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट ४ प्रकारच्या ऑइलसाठी किमान मर्यादा कोरडे असताना २३० अंश सेल्सिअस, तर ओलावा शोषलेल्या अवस्थेत १५५ अंश आहे. मे महिन्यात भरलेली गाडी घेऊन चिखलदऱ्याचा घाट परतवाड्याकडे उतरताना चालक सारखा ब्रेकवर पाय ठेवत असेल, तर जुन्या ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे तयार होतात, पायाचा दाब ते दाबण्यातच जातो आणि पेडल तळाला जाऊ शकते. मी दर दोन वर्षांनी, शक्यतो पावसाळा संपल्यावर, ऑइल पूर्ण बदलतो आणि घाटात गाडी खालच्या गिअरमध्ये उतरवतो.

शू आणि ड्रममधील अंतर वाढले की पेडल खाली जाते, म्हणून हे अंतर जुळवणारा ॲडजस्टर अडकला आहे का ते ड्रम उघडून पाहावे. ड्रममधील धूळ हवेच्या झोताने उडवू नये. शू ढकलणारा व्हील सिलिंडर ऑइल गळून ओला दिसला तर तो बदलावा आणि शूवर ऑइल पडले असेल तर दोन्ही बाजूंचे शू बदलावेत. पावसाळ्यात गाडी अनेक दिवस उभी राहणार असेल तर सपाट जागी हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवावी, नाहीतर शू ड्रमला चिकटतात.

मागे डिस्क लावणे मी एकाच परिस्थितीत योग्य मानतो. त्याच मॉडेलच्या वरच्या आवृत्तीत कंपनीने मागे डिस्क दिली असेल, तर हब (चाक ज्यावर बसते तो भाग), हँडब्रेकसह कॅलिपर, केबल आणि मास्टर सिलिंडर असा संपूर्ण संच घ्यावा, एबीएस युनिटचा पार्ट नंबर जुळतो का ते तपासावे आणि हा बदल विमा कंपनीला लेखी कळवावा. एवढा खर्च ऐकल्यावर बहुतेक जण थांबतात. मग मी त्यांना पुढचे पॅड, नवे ऑइल आणि टायर यांचा हिशेब लिहून देतो.